डोळ्यांचा आहार

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला जो उपदेश करतात, त्याच्या अखेरीस आहार शुद्ध असला की सत्त्व, म्हणजे अंतःकरण, शुद्ध होते आणि अंतःकरण शुद्ध झाले की स्मृती अढळ राहते, असा विचार मांडला आहे. या विधानातील ‘आहार’ शब्दाचा अर्थ काय घ्यावा, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहे. शंकराचार्य हा शब्द ‘आत आणले जाते ते’ या व्युत्पत्तीने घेतात आणि शब्द, रूप, रस इत्यादी विषयांचे इंद्रियांवाटे होणारे ज्ञान हाच आहार, असे सांगतात. ते ज्ञान राग, द्वेष आणि मोह यांनी मलिन झालेले नसले की आहार शुद्ध ठरतो. रामानुजाचार्यांच्या परंपरेत मात्र आहार म्हणजे प्रत्यक्ष अन्न, आणि त्याला तीन प्रकारांनी दोष लागतो: पदार्थाच्या मूळ स्वभावामुळे येणारा तो जातिदोष, अन्न ज्याच्याकडून आले त्या व्यक्तीमुळे येणारा तो आश्रयदोष, आणि केस, धूळ, उष्टे अशा एखाद्या संसर्गाने येणारा तो निमित्तदोष. एका अर्थाने पाहणे आणि खाणे ही एकच क्रिया ठरते. दुसऱ्या अर्थाने खाण्यावर कडक पहारा बसतो आणि पाहणे मोकळे सुटते.

मराठी भाषेने या वादात कोणाचा पक्ष घेतला आहे, हे तिच्या नेहमीच्या वाक्प्रचारांवरून कळते. फार दिवसांनी हवे ते दिसले की डोळ्यांचे पारणे फिटते, आणि पारणे म्हणजे उपवास सोडतानाचे जेवण. तेव्हा डोळेही उपाशी राहतात आणि डोळेही जेवतात, हे या भाषेला मान्य आहे. माणूस डोळे भरून पाहतो, अधाशी नजर समोरचे गिळू पाहते, आणि जेवणाऱ्याच्या ताटाकडे कोणी टक लावून बसले तर त्या अन्नाला दृष्ट लागते. शांकरभाष्य न वाचलेल्या घरातही रूप हे आहारातच मोजले जाते.

हा वाद जुना असला तरी तो ज्या प्रसंगी उघडा पडतो तो प्रसंग आज अनेकांच्या वाट्याला येतो. परदेशातील एखाद्या राजधानीत चार-सहा दिवसांसाठी जाणे, तेथील राजवाडे, प्रार्थनामंदिरे, पूल आणि संग्रहालये पाहणे आणि मिळेल ते किंवा नेमून दिलेले ते खाणे, याला मराठीत धावती भेट म्हणतात. अशा भेटीत माणूस पाहणे आणि खाणे यांखेरीज फारसे काही करतच नाही. तेव्हा धावत्या भेटीत माणूस आत काय घेतो आणि ते शुद्ध कशाने ठरते, हा प्रश्न पर्यटनाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. तो धर्मविचाराचाही प्रश्न आहे. त्याकडे पाहण्यासाठी राजधानीच्या अगदी उलट टोकाची एक जागा घेऊ. पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये कासू नावाचे लहान स्थानक आहे. कोणत्याही मार्गदर्शिकेत कासूचे नाव प्रेक्षणीय स्थळ म्हणून येत नाही, आणि बल्लाळेश्वराच्या पालीला जाण्यासाठी नागोठण्याला उतरणारा प्रवासी कासू खिडकीतून क्षणभर पाहतो. तरीही या परिसराकडून पाहिले असता लंडन किंवा पॅरिस येथील भेटीचा अर्थ अधिक स्वच्छ दिसतो.

मराठी मुलखातून युरोपीय राजधानीला गेलेल्या आरंभीच्या माणसांत हणमंतराव या ब्राह्मण वकिलाचे, म्हणजे दूताचे, नाव घ्यावे लागते. १७७५ च्या सुरतेच्या तहापासून इंग्रजांच्या बळावर पेशवाईची गादी मिळवू पाहणाऱ्या रघुनाथरावाने आपली कैफियत थेट विलायतेत मांडण्यासाठी त्याला पाठवले, आणि १७८१ साली तो लंडनमध्ये होता. मनियार रतनजी आणि कर्सेटजी मनियार हे पारशी त्याच्याबरोबर होते. पारशांना परक्या घरचे पाणी पिण्याची किंवा समुद्र ओलांडण्याची धर्मशास्त्राची आडकाठी नव्हती. हणमंतरावाला मात्र स्वतःचे अन्न स्वतः, सोवळ्यात, म्हणजे स्नानानंतर कोणाचा स्पर्श होऊ न देता, शिजवल्याखेरीज घास घेता येत नव्हता, आणि लंडनमधील भाड्याच्या खोलीत असा स्वयंपाक करणे म्हणजे रोजचीच परीक्षा होती. पार्लमेंटचा सभासद आणि नामांकित वक्ता एडमंड बर्क याने ही अडचण ओळखली आणि बीकन्सफील्ड येथील आपल्या इस्टेटीवर पाहुण्यांना नेऊन तेथील हरितगृह हणमंतरावाच्या स्वयंपाकासाठी आणि नित्यकर्मासाठी मोकळे करून दिले. उष्ण देशांतील झाडे थंडीत जगवण्यासाठी बांधलेल्या जागेत उष्ण देशातील एका माणसाचा आचार जगवला गेला, हा योगायोग मोठा बोलका आहे. पुढे बर्कने रघुनाथरावाला पत्र लिहून, त्याच्या वकिलाला आरंभी जो त्रास सोसावा लागला तो इंग्रजांच्या अज्ञानामुळे, निष्ठुरपणामुळे नव्हे, असा खुलासा केला.

परत आल्यावर काय घडले, याची हकिकत फ्रान्सिस विल्फर्ड या इंग्रजांच्या नोकरीतील अधिकाऱ्याने एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत दिली आहे. विल्फर्ड हा आपल्याच पंडिताकडून पुरता फसवला गेलेला अभ्यासक म्हणून प्रसिद्ध असल्याने त्याचे लेखन जपून वाचावे लागते, परंतु त्याने वर्णिलेला विधी परंपरेला धरून आहे. रघुनाथरावाने विलायतेस धाडलेल्या ब्राह्मणांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून पुन्हा जन्मास घातले गेले आणि मगच ते जातीत घेतले गेले, असे तो म्हणतो. पुराणांतील सोळा महादानांत हिरण्यगर्भ नावाचे दान आहे. त्यात यजमान सोन्याच्या गर्भपात्रात बसतो आणि त्याच्यावर जन्मापासूनचे संस्कार पुन्हा होतात. विल्फर्डच्या हकिकतीमागचा तर्क तोच दिसतो: जे शरीर समुद्रापार गेले ते संपले, आता हे नवे.

या सर्व व्यवहारात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की पहारा तोंडावर होता आणि दंड समुद्रासाठी होता. हणमंतरावाचे डोळे लंडनमध्ये महिनोन्‌महिने उघडे होते. थेम्सवरील जहाजे, रस्त्यावरची माणसे, न्यायालये, छापखाने यांचे जे रूप त्या डोळ्यांवाटे आत गेले असेल, त्यासाठी शास्त्राने प्रायश्चित्त सांगितले नाही. रामानुजीय अर्थाने पाहिले तर हरितगृहात शिजलेले अन्न निर्दोष होते आणि तो शुद्धच परतला. शांकर अर्थाने पाहिले तर खरा आहार त्या हरितगृहाच्या बाहेर झाला होता आणि त्याची चौकशी कोणी केली नाही.

समुद्रगमनाचा निषेध हा मुळात इतका कडक नव्हता, हे सांगणे येथे आवश्यक आहे. ऋग्वेदात भर समुद्रात सापडलेल्या भुज्यूला अश्विनीकुमार तारून नेतात, आणि तेथे समुद्रावर गेल्याबद्दल त्याला बोल लावलेला नाही. बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातकांत घालते आणि उत्तरेकडील लोकांत ही चाल आहे असेही नोंदवते. मनुस्मृती समुद्रावर जाणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. पुढे मध्ययुगीन निबंधकारांनी कलिवर्ज्यांची, म्हणजे पूर्वयुगांत चालत असले तरी कलियुगात टाळावयाच्या गोष्टींची, जी यादी मान्य केली तिच्यात नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाशी, त्याने प्रायश्चित्त घेतले असले तरी, व्यवहार ठेवू नये, असा निर्बंध आला. गंमत अशी की ‘तीर्थ’ हा शब्दच ओलांडणे, तरून जाणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. नदी जेथे पार करता येते तो उतार म्हणजे तीर्थ. पार जाण्याला पुण्य मानणाऱ्या परंपरेने एक पाणी तेवढे पार करण्यास मना केले. या कलिवर्ज्यांचा साद्यंत इतिहास ज्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात लिहिला, ते रत्नागिरी जिल्ह्यातील महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे १९४८ मध्ये पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेला भारताचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. निषेधाचा इतिहासकार निषिद्ध पाणी ओलांडून एका राजधानीत गेला, आणि त्याबद्दल कोणी त्याला पंक्तीतून उठवले नाही.

मधल्या काळात मराठी समाजाने या प्रश्नावर बराच घाम गाळला. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज नव्हती, हे १८९० च्या पंचहौद प्रकरणाने दाखवून दिले. पुण्यातील मिशनच्या जागेत जमलेल्या प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटे देण्यात आली, गोपाळराव जोशी यांनी ती नावे छापून आणली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक अशा माणसांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराची कारवाई, ओढवली. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. एका पेल्यातील चहाचा एवढा ऊहापोह करणाऱ्या समाजात त्याच सभेत कोणी काय ऐकले, हा प्रश्न मात्र गौण राहिला. कान हेही इंद्रियच आहे, हे शांकरभाष्य शिरोधार्य मानणाऱ्यांनी तरी विसरायला नको होते.

आजच्या मराठी प्रवाशाला प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही, तरीही हणमंतरावाचे हरितगृह त्याच्याबरोबर फिरते. मराठी सहल कंपन्यांच्या युरोप दौऱ्यांत भारतीय जेवणाची सोय हे मोठे आकर्षण असते; दिवसभर पॅरिस पाहून झाले की रात्री वरणभात, बटाट्याची भाजी आणि लोणचे मिळते, आणि पिशवीतील भडंग व चकली तर घरून निघतानाच बरोबर असते. याला हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. वयस्क माणसाला परक्या मुलखात ओळखीचा घास लागतो, आणि शाकाहार हे ज्याचे व्रत आहे त्याने ते राजधानीत मोडावे अशी अपेक्षा कोणी करू नये. दोष असेल तर तो दुसरीकडे आहे. तोंड बंद ठेवून डोळे मात्र अनिर्बंध उघडे ठेवले की भेट देणारा त्या गावाकडून काहीच स्वीकारत नाही, तरीही सर्व काही घेऊन जातो. दहा मिनिटांत राजवाडा, पाच मिनिटांत पूल, आणि प्रत्येक ठिकाणी आधी कॅमेरा आणि मग डोळा, या क्रमाने गोळा केलेले रूप आहार होत नाही, ती साठवण होते. आणि पचल्याशिवाय साठलेल्या अन्नाला आयुर्वेदात आम म्हणतात.

गांधीजींच्या आश्रमातील एकादश व्रतांत अस्वाद नावाचे एक व्रत आहे. जिभेच्या चवीसाठी न खाता शरीराला आवश्यक तेवढे, औषधासारखे खावे, असा त्याचा आशय. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी हे व्रत अखेरपर्यंत आचरले, आणि १९५१ नंतरच्या तेरा वर्षांच्या पदयात्रेत गावागावांतून जाताना त्यांनी स्थलदर्शनासाठी वाट वाकडी केल्याचे उदाहरण शोधूनच काढावे लागेल. अस्वाद डोळ्यांनाही लागू करता येईल काय, हा विचार मोहक आहे, परंतु पाहुण्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो. यजमानाने वाढलेले चव न घेता खाणे हे संन्याशाला शोभते. पाहुण्याने तसे केले तर तो यजमानाचा उपमर्द होतो.

तीर्थयात्रेच्या शास्त्राने या बाबतीत अधिक व्यवहारी विचार केला आहे. तीर्थाचे फळ कोणाला किती मिळते, याचा हिशोब स्मृतिकारांनी अपूर्णांकांत मांडला: दुसऱ्याच्या अन्नावर यात्रा करणाऱ्याला सोळावा हिस्सा, आणि दुसऱ्या कामासाठी निघून ओघाने तीर्थ घडले त्याला निम्मे फळ. कार्यालयाच्या कामासाठी लंडनला पाठवलेला आणि शनिवारी तेवढी बिग बेन पाहून येणारा अधिकारी या हिशोबाने निम्म्या फळाचा धनी ठरतो, आणि भत्त्यावर जेवला असेल तर आणखी खाली येतो. या नियमांतील गणित बाजूला ठेवले तरी एक सूत्र उरते, की जाण्याचा हेतू आणि जेवणाचा उगम या दोन्हींचा पाहण्याच्या फळाशी संबंध आहे. तीर्थाला पोचल्या दिवशी उपवास करावा, असाही विधी आहे. आधी पोट रिकामे, मग दर्शन. पर्यटनाच्या वेळापत्रकात हॉटेलातील भरपेट न्याहारी आधी येते.

भेट अल्प आहे म्हणून ती उथळ आहे, असा आक्षेप मात्र परंपरेला मान्य झाला नसता. मनुस्मृतीने अतिथीची व्याख्याच एक रात्र राहणारा अशी केली आहे, आणि ज्याची स्थिती नित्य नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड दिली आहे. म्हणजे अल्पकाळ राहणे हे अतिथीचे न्यून नसून लक्षण आहे. फार दिवस राहिला तर तो अतिथी राहतच नाही. धावत्या भेटीचा दोष काळाच्या मापात शोधणे यामुळे चुकीचे ठरते. एका रात्रीत लंडन कळत नाही हे खरे, पण अतिथीने यजमानाला संपूर्ण जाणावे अशी अपेक्षा कधीच नव्हती. त्याने दाराशी यावे, दिलेले घ्यावे आणि सकाळी निघावे.

या नात्याची दुसरी बाजू कासूच्या परिसरात दिसते, कारण येथील माणसे हिवाळ्यात स्वतःच प्रेक्षणीय होतात. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरला जातो, आणि शेंगा भरल्या की रायगड जिल्ह्यात पोपटी लागते. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या उग्र वासाच्या रानपाल्याचा थर देतात, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी यांचे थर रचतात, तोंड पुन्हा भांबुर्ड्याने गच्च बंद करतात आणि मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या पेटवतात. आत तेल नाही, पाणी नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर सगळे शिजते. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले आणि ते चर्रकन उडून गेले की पोपटी झाली असे जाणती माणसे समजतात. शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या येतात, जाळाभोवती उभे राहून पाहुणे छायाचित्रे घेतात आणि शेंगा सोलत खातात. येथे पाहणे आणि खाणे एका जागी आहे, शिजवणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर आहे, आणि रामानुजीय परिभाषेतील आश्रय, म्हणजे अन्न कोणाकडून आले हा प्रश्न, अकस्मात उलटा होऊन महत्त्वाचा ठरतो. जुन्या विचारात आश्रयाचा प्रश्न दात्याच्या जातीकडे बोट दाखवत असे, आणि ती बाजू टाकून देण्याजोगीच आहे. श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढणाऱ्या एकनाथांची कथा महाराष्ट्राने त्यासाठीच जपली. परंतु हे शेत कोणाचे, जाळाशी बसलेली बाई कोण, तिला पाहुण्याकडून काय मिळाले, या रूपात तो प्रश्न जिवंत ठेवण्याजोगा आहे. जो पाहुणा पोपटी खातो आणि पेटवणाऱ्याचे नाव विचारत नाही, तो लंडनमध्येही वाढप्याचे नाव विचारणार नाही.

लंडनच्या संग्रहालयांत भारतातून गेलेल्या देवमूर्ती काचेआड उभ्या आहेत. मराठी प्रवासी त्यांच्यासमोर येतो तेव्हा त्याची पंचाईत होते: हात जोडावेत की शेजारची पाटी वाचावी? देवळातील दर्शन दुहेरी असते, भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला पाहतो, ही श्रद्धा त्याच्या अंगात मुरलेली असते. संग्रहालयातील मूर्ती केवळ पाहिली जाते. तिच्यापुढे नैवेद्य येत नाही. देवळात दर्शनानंतर हातावर प्रसाद पडतो, येथे दर्शनानंतर माणूस तळमजल्यावरील कॅफेत जाऊन स्वतःसाठी कॉफी विकत घेतो. पाहणे आणि खाणे यांची ताटातूट झाली की दर्शनाचे प्रदर्शन कसे होते, याचा याहून चोख नमुना मिळणे कठीण आहे.

उलट दिशेचा प्रवास पेणहून होतो. पेण शहर आणि भोवतीची हमरापूर, जोहे यांसारखी गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत, आणि परदेशांतील मराठी घरांसाठी निघालेल्या मूर्ती भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधी खोक्यांत बंद होऊन जहाजाने समुद्र ओलांडतात. कलिवर्ज्याचा निर्बंध त्यांना कोणी लावला नाही. कारखान्यात रंगकाम संपत आले की डोळ्यांची आखणी होते; बाकीचे काम अनेक हात करतात, पण डोळे आखायला सर्वांत बसलेला हात लागतो, कारण बुबुळ केसभर सरकले तर सगळी मूर्ती दुसरीकडे पाहू लागते. मग घरी प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वेने तुपाचा स्पर्श करून त्या डोळ्यांचे उन्मीलन, म्हणजे उघडणे, केले जाते, आणि त्यानंतरच मोदकांचे ताट पुढे येते. या ताटाविषयी मराठीत जे क्रियापद वापरतात ते नीट ऐकले पाहिजे: नैवेद्य भरवत नाहीत, नैवेद्य दाखवतात. देव पाहतो आणि त्या पाहण्यानेच जेवतो. ताट जसेच्या तसे राहते, पाण्याच्या मंडलावरून उचलले जाते आणि घरातल्या सर्वांना वाटले जाते. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात आणि कासूच्या एखाद्या कौलारू घरात हा विधी सारखाच होतो. अनेक घरी हा पाहुणा दीडच दिवस राहतो. निघताना त्याच्या हातावर दही ठेवतात आणि वाटेसाठी दहीपोह्यांची शिदोरी बरोबर देतात.